मोटरकाकूंना लागलेला शॉक

जळालेली मोटर घेऊन कुणी दुकानात आलं की मोटरकाकू आधी त्याला बाकावर बसवत आणि मग वाकून मोटरीचा वास घेत. वासावरून त्या सांगत, हिच्यात पाणी गेलंय, किंवा हिला दिवसभर दामटलीय, किंवा तुमच्या मेव्हण्याने स्वतःच्या अकलेने जोडणी केलीय. यातलं शेवटचं त्या गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून ओळखत, पण ते सांगायची गरज नव्हती. सव्वीस वर्षं त्या मोटरींचं वाइंडिंग करत होत्या. जळालेली तार कापून काढायची, लोखंडाच्या खाचा घासून साफ करायच्या, नवा कागद घालायचा, मोजून वेढे घेतलेली तांब्याची तार त्या खाचांत बोटांनी दाबून बसवायची, वार्निश द्यायचं आणि भट्टीत सुकवायचं. बाईमाणसाचं हे काम नव्हे असं ज्यांना ज्यांना वाटायचं, त्यांच्याही पाण्याच्या मोटरी शेवटी काकूंकडेच येत.

काम शिकवलं ते एका म्हाताऱ्या उस्तादांनी. त्यांचा एक नेम होता. मोटर परत देताना आधी मेगर लावायचा, म्हणजे वीज कुठून बाहेर गळत नाही ना हे दाखवणारं यंत्र. मेगरने पास केली, तरी मोटर चालू करून गिऱ्हाइकासमोर तिच्या अंगावर आपला उघडा हात ठेवायचा. तोही उलटा, म्हणजे शॉक लागलाच तर मूठ मोटरीवर आवळली जात नाही. "जिला तू हात लावणार नाहीस, ती दुसऱ्याच्या घरी पाठवायची नाही," एवढंच ते म्हणत. उस्ताद गेले, काकूंनी नेम सोडला नाही. गिऱ्हाइकांना मेगरचा काटा कळत नसे, हात कळत असे.

त्या हाताने दगा दिला तेव्हा काकूंना एक्कावन्नावं लागलं होतं.

मोटर लॉन्ड्रीवाल्याची होती. मेगर ठीक, आवाज ठीक. काकूंनी हात ठेवला आणि मानेमागून खांद्यातून थेट बोटांपर्यंत फट्‌कन शॉक गेला. हात उडाला, वार्निशचा डबा लवंडला. लॉन्ड्रीवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. काकूंनी खटका बंद केला आणि त्याला सांगितलं, "आज नाही, परवा ये."

त्यांनी मोटर उघडली. काही नाही. पुन्हा बंद केली, मेगर लावला, काही नाही. तरी त्यांनी केलेलं सगळं वाइंडिंग उपसून टाकलं आणि नव्याने भरलं. परवा लॉन्ड्रीवाल्यासमोर हात ठेवला तेव्हा काहीच झालं नाही, आणि काकूंनी स्वतःला समजावलं की एखादी तार कुठेतरी सोलवटली असणार.

चार दिवसांनी त्या घरी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. शेजारी इस्त्री होती. पुन्हा तसाच शॉक, या वेळी मानेतून पाठीत. काकूंनी इस्त्री उघडली. मग इस्त्रीचं बटण उघडलं. मग सगळ्या घराची बटणं उघडली, कारण घरातलं वायरिंग त्यांनीच केलं होतं आणि आपल्या कामात खोट निघण्याइतकी मोठी नाचक्की त्यांच्या लेखी दुसरी नव्हती. तीन दिवस घरात वीज नव्हती. काकूंचे यजमान शाळेत गणित शिकवायचे, त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तर खिडकीत बसून मावळत्या उजेडात उत्तरपत्रिका तपासत होते आणि सकाळी थंड पाण्याने आंघोळ करताना मोठ्याने पाढे म्हणत होते.

"अगं, मला कसा लागत नाही शॉक?" त्यांनी एकदा विचारलं.

"तुम्ही घरात हात लावता कशाला?" काकू म्हणाल्या.

घर निर्दोष निघालं. मग एका दुपारी बसथांब्याच्या लाकडी बाकावर बसलेल्या असताना शॉक लागला. कुणीही शहाण्या माणसाने इथे थांबून विचार केला असता. काकूंनी बाकामागच्या दिव्याच्या खांबाकडे पाहिलं आणि नगरपालिकेत अर्ज दिला. माणूस आला, खांब तपासून गेला, खांबाला काही झालेलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, पण ज्याच्या हातात हातोडा त्याला सगळीकडे खिळेच दिसतात, आणि सव्वीस वर्षं वीज हाताळलेल्या बाईला शॉक लागला तर ती वीजच शोधणार.

बाकीही बरंच चाललं होतं, ते काकू कुणाला सांगत नव्हत्या. काम करता करता अंगातून भट्टीसारखी वाफ निघायची आणि ब्लाउज पाठीला चिकटायचा. छाती इतकी धडधडायची की समोरच्याला ऐकू जाईल असं वाटायचं. जीभ पोळल्यासारखी व्हायची, तोंडात तांब्याची चव रेंगाळायची. नेहमीच्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, ठीक आहे म्हणाले, टेन्शन घेऊ नका म्हणाले. टेन्शन घ्यायचं दुकान कुठे असतं हे काकूंना माहीत नव्हतं, नाहीतर त्यांनी तिथे जाणंच बंद केलं असतं.

त्यांना स्वतःची भीती वाटत नव्हती. भीती वेगळीच होती. शॉक लागतोय आणि मेगर म्हणतोय ठीक, म्हणजे मेगर खोटं बोलतोय. आणि मेगर खोटं बोलतोय तर गेल्या दोन महिन्यांत त्याच्या भरवशावर एकतीस मोटरी लोकांच्या घरी गेल्या होत्या. कुठे न्हाणीघराशेजारी, कुठे ओल्या अंगणात, जिथे लहान मुलं अनवाणी फिरतात. हा हिशेब मनात आला त्या दिवशी काकूंना जेवण गेलं नाही.

त्या मेगर मागायला दाढीवाल्याकडे गेल्या. दाढीवाला त्यांचा गुरुबंधू, पलीकडच्या गल्लीत त्याचं दुकान. दोघं एकाच उस्तादांच्या हाताखाली शिकले. वीस वर्षं एकमेकांची गिऱ्हाइकं पळवत होते आणि एकमेकांच्या आजारपणात एकमेकांची कामं उरकत होते. काकूंनी त्याला सगळं सांगितलं, म्हणजे शॉकचं सगळं. वाफेचं आणि जिभेचं नाही.

त्याने आपला मेगर दिला. काकूंनी सोबत आणलेल्या मोटरीला लावला, तर तोही ठीकच म्हणाला. दाढीवाल्याने मान हलवली.

"ताई, राग मानू नकोस. हात गेला की माणसाने बसावं. उस्तादही शेवटी बसलेच की. तुझं वाइंडिंग मशीन आणि हातातली कामं माझ्याकडे दे. एक तारखेला टेम्पो आणतो."

एरवी काकूंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असत्या. पण त्या दिवशी त्यांनी फक्त मान डोलावली. सव्वीस वर्षांचं दुकान त्यांनी इतक्या मुकाट्याने देऊन टाकलं, की घरी येताना त्यांना स्वतःचंच आश्चर्य वाटलं आणि रस्त्यातच रडू कोसळलं.

मात्र दुकान सोडायच्या आधी आपण घातलेला घोळ आपणच निस्तरायचा, हे त्यांनी ठरवलं. वहीत प्रत्येक मोटरीची नोंद होती. तारेची जाडी, वेढे, मालकाचं नाव. मास्तरांच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर दाढीवाल्याचा मेगर घेऊन, त्या दारोदार फिरल्या. "मोटर परत बघायचीय," म्हणायच्या, आणि लोक चकित व्हायचे. बिघडलेली वस्तू बघायला कारागीर बोलावूनही येत नाही, आणि ही बाई चालती मोटर बघायला आपणहून आलीय. तीस मोटरी झाल्या. तीसही धडधाकट. काकूंच्या जिवाला याने स्वस्थता येण्याऐवजी आणखी घोर लागला, कारण आता सगळा संशय एकतिसाव्या मोटरीवर गोळा झाला.

एकतिसावी होती बायकांच्या दवाखान्याच्या मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीखाली. काकूंनी मोटरीच्या मेन स्विचचा फ्यूज काढून साडीवर घातलेल्या कामाच्या शर्टाच्या खिशात टाकला. असा फ्यूज खिशात टाकायची कारागिरांची सवयच असते, नाहीतर कुणीतरी शहाणा येऊन वीज चालू करतो. मग मोटर सोडवून वायरी सुट्या केल्या, मोटर फरशीवर आडवी घेतली आणि तिच्यावर हात टेकला. फट्.

काकू मागे कोलमडल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. नेमक्या त्याच वेळी डॉक्टरीणबाई, वय चाळिशीच्या आसपास, पाणी का गेलं हे विचारायला मागच्या दारात आल्या होत्या.

"सापडली," काकू धापा टाकत म्हणाल्या. "हीच ती. हिच्यातच गळती आहे. आत्ता शॉक लागला मला."

डॉक्टरांनी मोटरीकडे बघितलं, सुट्या वायरींकडे बघितलं.

"काकू, वीज कुठून आली? मोटर तर कशालाच जोडलेली नाही."

"मेन चालू राहिला असेल."

"फ्यूज कुठाय?"

काकूंनी खिशात हात घातला. फ्यूज खिशातच होता. जोडलेली नसलेली मोटर शॉक देत नाही, हे तर उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

"म्हणजे मलाच काहीतरी झालंय," त्या म्हणाल्या, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या जिवाची भीती वाटली.

डॉक्टरांनी त्यांना आत नेलं, पाणी दिलं आणि शॉक कुठून निघतो, कुठे जातो, किती वेळ राहतो, सगळं विचारलं. असं नीट कुणी विचारलंच नव्हतं. काकू बोलू लागल्या आणि वाफही बोलून गेल्या, धडधडही, जीभही.

"वाफ शॉकच्या आधी येते का नंतर?"

"नंतर. बहुतेक वेळा लगेच."

"आणि पाळी?"

"पाळीचा इथे काय संबंध? मी विजेचं सांगतेय."

"सांगा तर."

पाळीचं काकूंनी मनावर घेतलंच नव्हतं. दोन महिने यायची नाही, मग दोनदा यायची, आणि आता पाच महिने पत्ता नव्हता. या वयात जायचीच, असं म्हणून त्यांनी तिला जाऊ दिलं होतं.

डॉक्टर म्हणाल्या, "पाळी जाताना फक्त पाळीच जाते असं नाही. काही बायकांना असेच झटके बसतात, विजेसारखे. बहुतेकदा वाफेच्या आधी. हार्मोन वरखाली होतात तेव्हा नसा अशा दचकत असाव्यात. नेमकं का, ते अजून आम्हालाही पूर्ण कळलेलं नाही. पण हे तुमच्या एकटीचं नाही आणि तुम्ही वेड्या झालेल्या नाही."

"मग हृदय?"

"ते मी आधी बघणार. ईसीजी, थायरॉइड, साखर, बी-ट्वेल्व. दुसरं काही नाही ना याची खात्री झाल्याशिवाय मी सगळं पाळीच्या डोक्यावर ढकलणार नाही. तुम्ही मोटर न उघडता बिघाड सांगता का?"

"वासावरून सांगते."

"मला तेवढं येत नाही," डॉक्टर म्हणाल्या, आणि काकूंना हसू आलं.

तपासण्यांत हृदय चांगलं निघालं, थायरॉइड आणि साखर ठीक, बी-ट्वेल्व जरा कमी. डॉक्टरांनी त्याच्या गोळ्या दिल्या, बाकीच्या उपचारांबद्दल समजावून सांगितलं, काय घ्यायचं ते दोघींनी मिळून ठरवलं, आणि हे बरं व्हायला वेळ लागेल हेही सांगून टाकलं. मागच्या अंगणातली मोटरही मेगरने ठीकच ठरवली होती, आणि काकूंनी ती परत जोडून दिली होती. दवाखान्यातून निघताना काकूंना इतकं हलकं वाटलं की स्कूटरवर बसल्या बसल्या त्यांनी मास्तरांना सगळं सांगितलं, वाऱ्यामुळे ओरडून. शेजारच्या रिक्षातल्या बाईनेही ते ऐकलं असावं. तिने मान वळवून काकूंकडे बघितलं आणि रिक्षा पुढे गेली तरी बघत राहिली.

पण दुखण्याचं नाव कळलं म्हणून शॉक थांबले नाहीत. एक तारीख दहा दिवसांवर होती आणि प्रश्न होता तिथेच होता. ज्या हाताच्या भरवशावर मोटर द्यायची तो हात उगीचच दचकत असेल, तर खरा शॉक कुठला आणि खोटा कुठला हे कळणार कसं? गिऱ्हाइकासमोर पुन्हा हात उडाला तर? काकूंनी ठरवलं, दुकान द्यायचं ते द्यायचंच.

मास्तरांनी एक कोरी वही दिली. "प्रत्येक शॉक लिही. कधी, कुठे, जवळ वीज होती का. मेगर काय म्हणाला. माझ्या वर्गातली मुलंसुद्धा आकडे न बघता उत्तर देत नाहीत. म्हणजे देतात, पण मी मार्क देत नाही."

काकूंनी लिहिलं. दहा दिवसांत एकोणीस शॉक. सतरा वेळा आसपास मोटरच नव्हती. एकदा तर त्या केस विंचरत होत्या. उरलेल्या दोन वेळा मोटर होती, आणि दोन्ही वेळा मेगरने ती ठीक दाखवली होती, त्यांच्या मेगरने आणि दाढीवाल्याच्याही.

मास्तरांनी वही वाचली, चष्मा काढला. "मेगर एकदाही खोटं बोललेला नाही. तुझ्या कामातही एकदाही खोट निघालेली नाही. एकतीस मोटरी बघितल्या आपण. माझी कंबर अजून सांगतेय."

काकूंनी वही त्यांच्या हातातून घेतली आणि स्वतः पुन्हा पहिल्यापासून वाचली. शेवटच्या ओळीशी पोचेपर्यंत त्यांचे डोळे भरून आले होते. कामात चूक नाही, हे गेल्या दोन महिन्यांत त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायचं कुणी, त्यांनी कुणाला विचारलंच कुठे होतं.

एक तारखेला सकाळी दाढीवाला टेम्पो घेऊन आला. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. काकू मशीनवर तारेचे वेढे मोजत होत्या, ते पुरे होईपर्यंत त्यांनी त्याला हाताने थांबवलं.

"मशीन देत नाही मी," मग त्या म्हणाल्या. "तुझा मेगर तेवढा घेऊन जा. उपकार झाले."

"आणि शॉक?"

"शॉक माझे आहेत, मोटरीचे नाहीत. पाळी जातेय माझी. त्याने होतं. डॉक्टरांनी सगळं तपासलंय. मी आता मेगर दोनदा लावते आणि मग हात ठेवते. दचकले तर गिऱ्हाइकाला सांगते की ही मी दचकले, मोटर नाही. ज्याला पटत नाही त्याने तुझ्याकडे यावं."

दोन गिऱ्हाइकांपैकी एक छताकडे बघू लागला, दुसऱ्याला अचानक बुटाची नाडी बांधायची आठवण झाली. दाढीवाला लाल झाला. जाईल असं वाटलं, पण गेला नाही. त्याने मेगर उचलला, परत ठेवला, पुन्हा उचलला.

"किती वयात होतं गं हे असलं?"

"पंचेचाळीस, पन्नास. कुणाला आधी, कुणाला नंतर. का रे?"

"काही नाही. सहज."

"ताकाला येऊन भांडं लपवू नकोस."

तो बाकावर बसला. त्याची बायको अठ्ठेचाळीस वर्षांची. चार महिने ती म्हणत होती, अंगावर मुंग्या चालतात. दंडावर, पायांवर, दिवसभर. त्याने तीन वेळा घरात औषध फवारून घेतलं, गादी फेकून नवी आणली, मुंगी एकही सापडली नाही. ती मात्र खाजवून खाजवून हात सोलून घेत होती. त्याची बहीण म्हणाली, वहिनीच्या डोक्यावर परिणाम झालाय. आई म्हणाली, तिच्या भावाकडे पाठव, तिकडेच राहू दे.

"मीही हो म्हटलं," दाढीवाला म्हणाला. "आज दुपारी भाऊ येतोय न्यायला. अंगावर काही दिसत नव्हतं ना, ताई. मला वाटलं, खोटं बोलतेय."

काकूंनी गिऱ्हाइकांना संध्याकाळी यायला सांगितलं, शटर ओढलं आणि टेम्पोत त्याच्या शेजारी जाऊन बसल्या.

दार त्याच्या बायकोनेच उघडलं. बाह्या मनगटापर्यंत खाली ओढलेल्या होत्या. भिंतीशी एक मोठी बॅग भरून ठेवलेली होती. काकूंना बघून ती ओशाळली, आपल्याला समजवायला आणखी एक माणूस आणलं असं तिला वाटलं असणार.

"मुंग्या चालतात ना?" काकू म्हणाल्या. "मला माहितेय, चालतात. मला शॉक लागतात. पायात चपला घाल, माझ्या ओळखीच्या डॉक्टर आहेत, आत्ता जायचंय. आधी सगळं तपासतात, मग बोलतात."

तिने एक बाही कोपरापर्यंत वर केली आणि सोललेला हात काकूंच्या पुढे धरला. काकूंनी तो दोन्ही हातांत घेतला. दाढीवाला दारातच उभा होता. तो खाली बघत आत आला, भिंतीशी ठेवलेली बॅग त्याने उघडली आणि तिच्यातले कपडे एकेक करून परत कपाटात लावू लागला.